सरांची वही

सोमवार, १४ ऑगस्ट २०२३
बदलापूरहून पहाटेची लोकल पकडली. अंबरनाथला आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, आणि दोघे बॅक चढले. उल्हासनगरला मैदानात पोचलो तर सर नव्हते. अकरा वर्षांत ते माझ्याआधी आलेले नाहीत असं आज पहिल्यांदा झालं. शनिवारी रात्री त्यांच्या छातीत दुखलं, कल्याणला नेलं, तीन ब्लॉकेज निघाले. बायपास करावी लागणार. मुलांना हे सांगताना मला शब्द सुचेनात. ऑगस्ट असूनही पावसाने दडी मारली आहे, मैदान टणक झालंय. चेंडू थोडा वेळ इकडून तिकडे फिरला आणि पाऊण तासात सगळे पांगले.

गुरुवार, १७ ऑगस्ट
ऑपरेशन नीट पार पडलं. काकूंनी पिशवीतून शिट्टी आणि दोनशे पानी वही काढली. "अ‍ॅडमिट होतानाच म्हणाले होते, तुला द्यायची."

रात्री वही उघडली. कॉर्नरच्या आकृत्या, फॉर्मेशन असं काही असेल असं वाटलं होतं. ते आहे, पण अगदी शेवटच्या पानांवर. बाकी प्रत्येक मुलाचं एक पान. 'सकाळी न खाता येतो, धावण्याआधी केळं द्यावं.' 'वडील आनंदनगर एमआयडीसीत रात्रपाळीला, धाकट्या भावाला हाच शाळेत सोडतो. उशीर झाला तर बोलू नये.' 'पेनल्टी चुकली की दोन दिवस गप्प असतो. तिसऱ्या दिवशी पहिला पास त्यालाच.' इतकी वर्षं सरांचा सहायक म्हणून उभा आहे, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं.

सोमवार, २१ ऑगस्ट
श्रावणी सोमवार. गोली पहाटे अंबरनाथच्या शिवमंदिरात जाऊन सरांसाठी बेल घेऊन आला. कॅम्प पाचच्या मिडफिल्डरच्या घरी सिंधी लोकांचे चालियाचे उपवास चालू आहेत, त्याच्या आईने प्रसाद पाठवला. दोन्ही पुड्या मी काकूंकडे पोचवल्या.

तीन दिवस सरांसारखी शिट्टी वाजवत ओरडत होतो. मुलं ऐकत होती, पण अंग चोरून खेळत होती. आज शिट्टी खिशात ठेवली. बचावाची जबाबदारी गोलीकडे दिली, वॉर्मअपची मिडफिल्डरकडे. डब्यातून केळी नेली होती. ज्याच्यासाठी नेली, त्याने न बोलता घेतलं आणि नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त मारल्या.

शनिवार, २६ ऑगस्ट
सरावाचा सामना १-३ हरलो. उत्तरार्धात कुणी कुणाला हाकच मारली नाही. मुलं म्हणाली, सर असते तर असं झालं नसतं.

परतताना त्यांना लिव्हरपूलच्या जेरार हुलिए यांची गोष्ट सांगितली. १३ ऑक्टोबर २००१, लीड्सविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला त्यांना त्रास झाला. हृदयाची महाधमनी फाटली होती. ऑपरेशन अकरा तास चाललं. सहायक फिल थॉम्पसन यांनी पाच महिने संघ सांभाळला. मार्चमध्ये रोमाविरुद्ध हुलिए परतले तेव्हा संघ शर्यतीत होता, हंगामाअखेरीस लीगमध्ये दुसरा आला. "म्हणजे आपल्याला नुसतं टिकून राहायचंय," लेफ्ट बॅक म्हणाला. हो, तेवढंच.

सोमवार, ४ सप्टेंबर
सर घरी आले. तीन महिने मैदान बंद.

आजची तारीख सर कधी चुकवत नाहीत. ४ सप्टेंबर १९६२ला जकार्तात भारताने दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्ण जिंकलं. डोक्याला टाके असलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला प्रशिक्षक रहीमसाहेबांनी पुढच्या फळीत खेळवलं आणि त्याने गोल केला. सर इथेच थांबतात. मी आज पुढचंही सांगितलं. रहीमसाहेब ११ जून १९६३ला कॅन्सरने गेले. आशियाई खेळांतलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आपल्याकडे आलेलं नाही. त्यांच्या मनातलं किती पुढच्यांच्या हाती लागलं असेल, हा विचार दिवसभर डोक्यात आहे. म्हणून वही आता माझ्या कपाटात राहणार नाही. मुलांनी ती वाचावी, एकमेकांची पानं त्यांनीच पुढे लिहावीत.

संध्याकाळी वही परत आली. एक नवं पान होतं, अक्षर गोलीचं. वर 'सर' असं लिहिलेलं. 'गोळ्या जेवणानंतर. पिशवी उचलू देऊ नये. रोज दोघांनी जावं. स्कोअर विचारला तर खरा सांगावा.'