हात खाली घेण्याची विद्या

कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाला प्रथम तालीम आठवते आणि मग तांबडा-पांढरा रस्सा. गेल्या काही वर्षांत मात्र या करवीरनगरीला आणखी एक कीर्ती लाभली आहे. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक मिळवले. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत राही सरनोबत २५ मीटर पिस्तूल प्रकारात विजयी झाल्या. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२४ साली राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमधून रायफलचे कांस्यपदक आणले. साहजिकच येथील मुलामुलींना नेमबाजीची ओढ लागली आणि त्यांच्या आईवडिलांना काळजी.

आम्ही राहतो त्या कळंब्यात एकीकडे विस्तीर्ण तलाव आहे, तर दुसरीकडे मध्यवर्ती कारागृहाच्या उंच भिंती. सकाळी तलावाकाठी पोरे धावण्याचा सराव करतात. त्याच वेळी मुलाखतीसाठी आलेल्या बायाबापड्या डबे-पिशव्या सांभाळीत कारागृहाकडे चाललेल्या असतात. पिस्तूल नावाची वस्तू घरात दोन वाटांनी येऊ शकते. एक वाट पदकाकडे जाते, दुसरी त्या भिंतीआड. आमच्या परिचयाच्या एका मातेच्या घरी ती दोन्ही वाटांनी आली. तिच्या अनुमतीनेच हे लिहीत आहोत.

तिचा थोरला मुलगा त्या भिंतीआड आहे. मित्रांच्या टोळक्यात गावठी कट्टा हातोहात फिरत होता. चेष्टामस्करीत तो याच्या हाती आला, गोळी सुटली आणि समोरचा तरुण जन्माचा अधू झाला. “ते भरलेलं आहे हे मला ठाऊकच नव्हतं,” एवढेच वाक्य तो मुलगा आजवर सांगत आला आहे. धाकटी मुलगी महाविद्यालयात शिकते. नवशिक्यांसाठी असलेल्या एअर पिस्तूल प्रशिक्षणाचा अर्ज तिने घरी आणला. पालकांच्या सहीची जागा कोरी होती. तो कागद घेऊन ती माता आमच्याकडे आली. “फादर, सही करू का नको? तुम्ही म्हणाल तसं.”

सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्र शिकलो आहोत. स्वसंरक्षणाचा हक्क, त्याच्या मर्यादा, निरपराध्याचे रक्त याविषयी पवित्र सभा काय शिकवते ते आम्ही तिला सांगू शकलो असतो. परंतु तिचा प्रश्न ग्रंथातला नव्हता. पिस्तूल हाती आल्यावर माणसाच्या मनाचे काय होते, हे तिला जाणून घ्यायचे होते. ते पाहिल्याशिवाय उत्तर देणे योग्य वाटेना. म्हणून चार दिवसांची मुदत मागून आम्ही स्वतःच शहरातील एका छोट्या रेंजवर नवशिक्यांच्या वर्गात नाव घातले. पन्नाशी उलटलेला एक धर्मगुरू शाळकरी मुलांच्या रांगेत उभा राहिलेला पाहून पोरांची थोडी करमणूक झाली, ती आम्हीही आनंदाने सोसली.

पहिला संपूर्ण तास कोणाच्याही हाती पिस्तूल देण्यात आले नाही. आमच्या निम्म्या वयाच्या प्रशिक्षिकेने फळ्यावर चार नियम लिहिले. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. आणि आपले लक्ष्य कोणते, त्याच्या पलीकडे काय आहे, हे आधी पाहावे. पहिला नियम वाचताच आम्हांस त्या भिंतीआडच्या मुलाचे वाक्य आठवले. त्याला जे ठाऊक नव्हते, ते येथे अकरा-बारा वर्षांची मुले मोठ्याने एकसुरात म्हणत होती.

मेजावर ठेवलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या नळीतून भडक रंगाची एक दोरी ओवलेली होती. आत छर्रा नाही, हे दुरून कोणालाही दिसावे यासाठी ती असते. ‘थांबा’ असा पुकारा झाला की छर्रा भरलेला असो वा नसो, ज्याने त्याने पिस्तूल खाली ठेवायचे. माणूस लक्ष्याकडे गेलेला असताना शस्त्राला हातही लावायचा नाही. आमचे बोट एकदा नकळत चापाकडे सरकू लागले, तोच प्रशिक्षिका शांतपणे म्हणाली, “फादर, बोट बाहेर.” वेदीपाशी सेवा करणाऱ्या मुलांना आम्ही जी शिस्त लावतो, तिच्याहून ही कडक होती.

दुसऱ्या दिवशी पिस्तूल हाती आले. एअर पिस्तूल दीड किलोहून जड असता कामा नये असा नियम आहे. पण एकाच हाताने ते समोर धरले की मिनिटभरात खांदा भरून येतो. लक्ष्य १० मीटरवर. त्याच्या मधोमध दहा गुणांचे वर्तुळ असते, त्याचा व्यास अवघा साडेअकरा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. मागची खाच, पुढचा उंचवटा आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. नजर पुढच्या उंचवट्यावर स्थिर ठेवायची आणि लक्ष्य धूसरच राहू द्यायचे. चाप ओढायचा नसतो, हळूहळू दाबत न्यायचा असतो. त्याला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. घाईने ओढला की नळी हलते आणि नेम चुकतो.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला तो याच्या पुढचा धडा. हात उचलला, नेम धरला, पण आठ-दहा सेकंदांत तो स्थिरावला नाही, तर चाप दाबायचा नाही. हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा आरंभ करायचा. नवशिक्याला हे सर्वांत अवघड जाते. उचललेला हात रिकामा खाली आणणे त्याला पराभवासारखे वाटते. “सोडलेला छर्रा परत बोलावता येत नाही,” प्रशिक्षिका सांगे, “हात मात्र कितीदाही खाली घेता येतो.” मोठ्या स्पर्धेत साठ नेमांसाठी ७५ मिनिटे मिळतात, म्हणजे थांबण्यासाठी वेळ नियमानेच राखून ठेवलेला असतो.

गेथशेमनीच्या बागेतील ती रात्र येथे आठवल्यावाचून राहत नाही. पेत्र मासेमारी करणारा; तलवार त्याच्या सरावाची नव्हती. भीती आणि संताप यांच्या भरात त्याने वार केला आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान तुटला. प्रभूने तो कान बरा केला आणि पेत्राला तलवार जागच्या जागी ठेवायला सांगितले. उगारलेला हात खाली घेण्याचा धडा पेत्राला वार केल्यानंतर मिळाला. आमच्या पोरांना तो आधी मिळावा, एवढीच आमची प्रार्थना.

कायद्यालाही हे उमगलेले दिसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे आणि २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यास शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण घेणे बंधनकारक केले. गावठी कट्ट्याला ना परवाना, ना गुरू, ना ‘थांबा’ म्हणणारा आवाज. खेळातही पवित्र सभेचा हात आहेच. ‘अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान’ हे ऑलिंपिकचे मूळ ब्रीद आंरी दिदों या डोमिनिकन धर्मगुरूंनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी योजिले होते.

चौथ्या दिवशी ती माता आली. सही करा किंवा करू नका, असे आम्ही म्हटले नाही. जे पाहिले तेवढे सांगितले. चार नियम ऐकताना पहिल्याच नियमावर तिने आम्हांस थांबवले आणि तो पुन्हा म्हणायला लावला. मग बराच वेळ ती पदराचे टोक चाळवीत बसून राहिली. “त्यालाबी कुणीतरी हे सांगायला हवं होतं,” एवढेच बोलली आणि पेन मागितले. पुढच्या मुलाखतीत तिने तो नियम मुलालाही सांगितला. तो काय म्हणाला, ते आम्ही विचारलेले नाही.

पालकहो, आपल्या मुलाने नेमबाजी शिकावी की नाही, हे आपण त्याचा स्वभाव पाहून ठरवावे. मात्र तो जेथे शिकतो तेथे एकदा जाऊन बसा. पदकांची भिंत मागाहून पाहा. पहिल्या तासाला काय शिकवतात ते आधी पाहा. आणि वाढदिवसाच्या केकपुढे पिस्तूल मिरवणाऱ्या मित्राच्या घोळक्यात तो असेल, तर त्याच दिवशी त्याच्याशी बोला.

१३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. १९८३ च्या नाताळात ते स्वतः रोमच्या तुरुंगात गेले आणि ज्या हाताने पिस्तूल धरले होते तो हात त्यांनी आपल्या हाती घेतला. त्या गोळ्यांपैकी एक आज फातिमा मातेच्या मुकुटात बसवलेली आहे. सुटलेली गोळी माघारी येत नाही, हे खरेच; पण क्षमा तिलाही ठेवायला जागा शोधते. कळंब्याच्या त्या उंच भिंतींकडे पाहताना आम्हांस त्या मुकुटाची आठवण होते.