तुरीच्या गाठीतलं मॉलिब्डेनम

पॅलेडियमची रिअॅक्शन लावण्याआधी माझा बराच वेळ ऑक्सिजन हाकलण्यात जातो. सॉल्व्हंटमधून नायट्रोजनचे बुडबुडे सोडायचे, फ्लास्कमधली हवा ओढून त्यात पुन्हा नायट्रोजन भरायचा, मगच कॅटॅलिस्ट आत. घाई केली की पिवळं द्रावण बघता बघता काळवंडतं. धातूचे अणू एकमेकांना चिकटतात, काळी पूड तळाशी बसते आणि काम थंडावतं.

काम संपल्यावर खरी कसोटी गाळण्याची. हायड्रोजनेशननंतर कोळशावरचं पॅलेडियम फिल्टरवर कोरडं पडू द्यायचं नाही, नाहीतर हवा लागताच ते पेट घेतं. ओलं असतानाच डब्यात भरायचं आणि धातू परत मिळवायला पाठवायचं. नव्या मुलांना मी रिअॅक्शन लावण्याआधी गाळायला शिकवते. कारण आम्ही बनवतो ते औषधात जातं, आणि गोळीवाटे दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

या धातूंचे उपकार मोठे आहेत. आयबुप्रोफेनला पूर्वी सहा पायऱ्या लागत आणि वजनाने जेमतेम 40 टक्के कच्चा माल औषधात उतरे. 1992 साली टेक्ससमधल्या कारखान्यात निकेल आणि पॅलेडियमच्या मदतीने ते तीन पायऱ्यांत होऊ लागलं. 40चे 77 टक्के झाले.

तरी आमच्या कामाचं खरं माप मला पेडगावच्या काळ्या रानात सापडतं. परभणीहून मानवत रोडकडे जाताना लागणारं हे माझं गाव. कपाशीत तुरीची तासं असतात. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळून ते सावलीत सुकवायचं, हे भाऊ कधी चुकवत नाही. फुलोऱ्याआधी ओल्या मातीतून तुरीचं रोप अलगद उपटावं आणि मुळावरची गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी दिसली तर गाठ कामाला लागलेली आहे. हिरवट निघाली तर तिचं काम संपलेलं. तो गुलाबी रंग लोह असलेल्या लेगहिमोग्लोबिनचा. ते ऑक्सिजन धरून ठेवतं, आतल्या नायट्रोजनेज विकराला त्याची झळ लागू देत नाही. त्या विकराच्या गाभ्यात लोखंडाचे सात अणू आणि मॉलिब्डेनमचा एक. प्रयोगशाळेतली माझी सगळी खटपट इथे मातीखाली चाललेली असते! आणि जो नायट्रोजन कशाशीच झटत नाही म्हणून मी फ्लास्कवर पांघरते, तोच इथे फुटून अमोनिया होतो. खताच्या कारखान्यात लोखंडावर हेच करायला 400 अंशांच्या वर उष्णता आणि शंभरावर वातावरणांचा दाब लागतो.

हे फुकट होत नाही. नायट्रोजनच्या एका रेणूमागे पेशीत ऊर्जा वाहणाऱ्या एटीपीचे किमान 16 रेणू खर्ची पडतात आणि त्यासाठीची साखर पानांनी कमावलेली असते. हरित रसायनशास्त्राच्या गप्पांत हा खर्च हमखास गळतो, आणि ते मला खटकतं.

सध्या मी एका कपलिंगमध्ये पॅलेडियमच्या जागी निकेल लावून बघते आहे. ते कितीतरी स्वस्त, पण घालावं लागतं जास्त, तापवावंही लागतं जास्त, आणि हाताळताना अंगाला लागू द्यायचं नाही. सॉल्व्हंट किती गेला, वीज किती जळली, गाळून किती धातू परत हाती आला, हे सारं वहीत एका पानावर मांडल्याशिवाय मी त्याला पॅलेडियमपेक्षा बरं म्हणणार नाही.