पाणमांजर आणि नीरुनायी

गुढीपाडव्याला लागून यंदा दोन दिवसांची मोकळीक मिळाली आणि आम्ही बेळगावहून समुद्राकडे निघालो. सोबत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त अध्यापक होते. त्यांना आम्ही सारे 'सर' म्हणतो. त्यांच्या पिशवीत दुर्बीण, सलीम अलींच्या पुस्तकाची बांधणी सुटलेली जुनी प्रत आणि मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' होता. आमच्या पिशवीत पुढच्या तारखेचे एक ब्रीफ होते. ते परत येईपर्यंत उघडले गेले नाही, हे अशिलाला कळू नये एवढीच इच्छा.

खानापूर, लोंढा, अनमोड आणि मोले असा रस्ता धरला. घाटात पळस सरत आले होते आणि पांगाऱ्यावर मैनांचा गोंगाट चालला होता. एका वडाच्या शेंड्यावरून दोन धनेश उडाले. त्यांच्या पंखांचा आवाज पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. आमचा चालक मूळचा सिंधुदुर्गाकडचा. तो सहज म्हणाला, "साहेब, गरुड गेले." सरांनी हसून दुरुस्ती केली, पण चालकाचेही चुकले नव्हते. त्याच्या गावात धनेशालाच गरुड म्हणतात. आम्ही मनात म्हटले, एखादा साक्षीदार शपथेवर 'गरुड पाहिला' असे सांगू लागला, तर त्याला प्रथम गाव विचारले पाहिजे.

मुक्काम काणकोण तालुक्यातील गालजीबाग येथे होता. सुरूच्या बनापुढे पसरलेली ही वाळू ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीची म्हणून राखलेली आहे. मादी हिवाळ्याच्या रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुरईसारखा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू ओढून ती दाबते आणि समुद्रात परतते. ती पुन्हा फिरकत नाही. पंचेचाळीस ते साठ दिवस अंडी वाळूच्या उबेवर असतात. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, हे सरांनी सांगितले तेव्हा आमच्यातील वकिलाला क्षणभर विश्वास वाटला नाही.

पहाटे वनखात्याच्या कर्मचाऱ्याने जाळीचे कुंपण उघडले. वाळूचा एक वाटोळा तुकडा खचल्यासारखा झाला आणि त्यातून करड्या रंगाची, तळहाताच्या निम्म्याएवढी पिले एकावर एक चढत बाहेर आली. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, किनारा काळोखा. पूर्वेकडे झावळ्यांमागे उजेड फुटत होता, पण ती समुद्राच्या फिकट रेषेकडेच वळली. एक पिलू आमच्या पावलाच्या ठशात पडले आणि त्याला तो ठसा चढून जाता येईना. उचलायची मनाई होती. आम्ही पाच-सहा मिनिटे श्वास धरून उभे होतो. शेवटी ते निघाले.

कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेने वाढवते, ही कल्पना आपल्या संतवाङ्मयात किती वेळा येते! लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली ही उपमा आम्ही मातृभाषेवरील भाषणांतही अनेकदा वापरली आहे. त्या दिवशी वाळूत उभे असताना कळले की, मादी त्या वेळी कित्येक कोस दूर, खोल पाण्यात असते आणि तिला काही दिसत नसते. पुढच्या भाषणात ती उपमा वापरायची की नाही, हे अजून ठरलेले नाही.

दहाच्या सुमारास पोळेची चौकी ओलांडून माजाळीमार्गे कारवारच्या हद्दीत शिरलो. बेळगावहून निघाल्यापासून राज्य दुसऱ्यांदा बदलले. 'पक्ष्यांना सीमा नसते' हे सुभाषित अशा ठिकाणी लिहायची प्रथा आहे. आम्ही ते लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची जोडी आपला किनारा आखून घेते, वर्षानुवर्षे त्याच घरट्यावर काटक्या रचते आणि दुसरा गरुड दिसला की दोघे मिळून त्याला हुसकावतात. सीमा त्यांनाही असते. फक्त ती आयोग नेमून ठरत नाही.

कारवारविषयी आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६च्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेला. मधल्या काळात येथील न्यायाधीश होते सत्येंद्रनाथ टागोर. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आलेल्या तरुण रवींद्रनाथांना या किनाऱ्याने भुरळ घातली. 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी येथे लिहिले. न्यायाधीशाच्या घरी कविता जन्मते, हे वाचून वकीलवर्गाला थोडे बरे वाटते. शहराच्या दक्षिणेला मोठा नाविक तळ आहे. तेथील सुंदर पुळणी त्यात गेल्या आणि गावेही उठली. त्या प्रकल्पाचे नाव 'सीबर्ड', म्हणजे समुद्रपक्षी. त्या बाजूला आता पक्षीनिरीक्षकाने दुर्बीण न काढलेलीच बरी.

दुपारी तीन वाजता काळी नदीच्या मुखाशी होडी मिळाली. उधाणाचे दिवस असल्यामुळे ओहोटी दूरवर गेली होती आणि मधल्या वाळूच्या दांड्यावर हजारभर पक्षी बसले होते. सरांनी दुर्बीण लावून दिली. हिवाळाभर पांढऱ्या डोक्याचे असणारे कुरव आता डोक्यावर तपकिरी टोपी चढवून परतीच्या तयारीत होते. काहींची टोपी पूर्ण झाली होती आणि काहींची डागडागांची, नव्याने रंगवायला घेतलेल्या भिंतीसारखी. त्यांतील काही लडाख-तिबेटच्या सरोवरांवर विणीला जातील. चिखल्यांच्या करड्या छातीवर विटकरी रंग उतरू लागला होता. कडेला सुरय डोके वाऱ्याकडे करून एका रांगेत बसले होते. रघुवंशात लक्ष्मण सोडून गेल्यावर सीता कुररीसारखी आक्रंदते. ती कुररी म्हणजे हाच सुरय की मासे पकडणारा ऑस्प्रे, यावर अभ्यासकांचा वाद आहे. सुरयांचा कलकलाट ऐकून आम्ही आमचे मत सुरयाच्या बाजूने दिले. सरांनी ते फेटाळले.

होडीत वनखात्याशी संबंधित एक कन्नडभाषक तरुण वाटाड्या होता. होडीवाला कारवारचाच, घरी कोंकणी आणि आमच्याशी मराठी बोलणारा. त्याची वृद्ध आई पलीकडच्या वाडीला जायची म्हणून पुढच्या फळीवर बसली होती. तिवरांच्या कडेने जाताना चिखलावर काही हालचाल झाली. चार ऊद, अंग चकाकणारे, एकमेकांना ढकलत पाण्यात उतरले. एकाच्या तोंडात मासा होता.

"नीरुनायी!" तो तरुण म्हणाला.

"पाणमांजर," आम्ही म्हणालो.

दोघेही थांबलो आणि हसलो. कन्नडला तो पाण्यातला कुत्रा दिसला आणि मराठीला पाण्यातले मांजर. शेकडो वर्षे एकाच नदीच्या काठी राहून दोन शेजाऱ्यांनी एकाच प्राण्याकडे पाहिले आणि एवढ्या साध्या गोष्टीवर त्यांचे एकमत झाले नाही! हा वाद कोणत्याही न्यायालयात गेलेला नाही आणि त्यावाचून कोणाचे अडलेले नाही. 'ऊद' हा आपला जुना शब्द मात्र संस्कृत 'उद्र' पासून आला. इंग्रजीतला 'ऑटर' त्याचा दूरचा भाऊबंद. आम्ही हे सांगितल्यावर त्या तरुणाने मोबाइलवर टिपून घेतले.

मग त्याने अगदी सरळ मनाने विचारले, "सर, तुम्ही मराठीसाठी काम करता असे होडीवाले काका म्हणाले. तो समोर उभा आहे त्याला मराठीत काय म्हणतात?"

खुंटावर एक पक्षी उभा होता. पाठ काळी, पोट पांढरे, चोच लांब आणि लालभडक. सरांनी मुद्दामच तोंड उघडले नाही. तीस वर्षे आम्ही दुकानांच्या पाट्या, सातबाराचे उतारे, शाळांचे दाखले आणि नगरपालिकेच्या नोटिसा मराठीत मिळाव्यात म्हणून अर्ज लिहिले. २००४ सालचा मूळ दावा क्रमांक ४ आम्हांला कलमवार पाठ आहे. त्या खुंटावरच्या पक्ष्याला मात्र 'पक्षी' याहून अधिक काही म्हणता आले नाही. शेवटी सरांनी शब्द दिला, कालवफोड्या. नाव ऐकताच त्याची चोच कशासाठी आहे हेही कळले. तो शब्द आमच्याच भाषेत इतकी वर्षे पडून होता.

तेवढ्यात फळीवरच्या आजी वळल्या. चौथीपर्यंत त्या मराठी शाळेत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "आमी ह्याका तसें म्हणनांव." आणि त्यांनी एक वेगळा शब्द उच्चारला. त्याच क्षणी होडीवाल्याने इंजिन सुरू केले, कारण भरती वळली होती. सरांनी पाण्याकडे बोट दाखवले. कूर्मगडाच्या दिशेला दोन करड्या पाठी वर येऊन बुडाल्या. "गादे!" असे होडीवाला ओरडला. आम्ही सारे त्या डॉल्फिनांकडे पाहू लागलो. पुन्हा वर येतील म्हणून दहा मिनिटे पाहत राहिलो. आले, तीनदा आले. वाडीच्या धक्क्यावर आजी उतरल्या, "येते हां" म्हणाल्या आणि माडांत दिसेनाशा झाल्या.

परतीच्या वाटेवर, माजाळीच्या जवळपास, सरांनी विचारले, "आजींचा शब्द लिहून घेतलात ना?"

आम्ही त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांनी आमच्याकडे. साक्षीदाराचे एकेक अक्षर लेखी आले पाहिजे म्हणून ज्युनिअरांना रोज बजावणारे आम्ही, पेन खिशाला लावून बसलो होतो. शब्द चार अक्षरी होता, एवढ्यावर दोघांचे एकमत झाले. पहिले अक्षर सरांच्या मते 'क' आणि आमच्या मते 'ख'. शेवटी 'ण' होता की 'न', ते इंजिनाच्या आवाजात गेले.

पाडव्यानंतर होडीवाल्याला फोन केला. त्याने आईला विचारून एक शब्द कळवला, पण तो तीन अक्षरी निघाला. सर म्हणाले, हे दुसऱ्या पक्ष्याचे नाव असणार. होडीवाल्याला त्या दिवशी खुंटावर कोण होते ते आठवत नाही आणि आईंना आपण होडीत काही बोललो हेच आठवत नाही. १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातील ६०वे कलम आम्ही आयुष्यभर इतरांच्या साक्षीदारांवर चालवले. ऐकीव गोष्ट चालत नाही, ज्याने ऐकले त्यानेच सांगितले पाहिजे. येथे ऐकणारे आम्हीच होतो.

त्या दिवशीच्या नोंदवहीत तारीख आहे, ओहोटीची वेळ आहे, ठिकाण आहे. 'कालवफोड्या, एक' अशी नोंद आहे. तिच्यापुढे 'स्थानिक नाव' असा रकाना सरांनी आखून दिला. त्यात आम्ही होडीवाल्याचा शब्द लिहिलेला नाही. आता पावसाळ्यात होड्या बांधलेल्या असतील. ऑक्टोबरात कुरव पांढरी डोकी घेऊन परत येतात, तेव्हा कालवफोड्याही येईल. आजींना तो प्रत्यक्ष दाखवून विचारावे, असे ठरवले आहे. होडीवाला म्हणतो, आई ऐंशीच्या पुढची आहे, दिवाळीआधी या.