प्ले स्टोअरबाहेरचं पहिलं ॲप

‘एपीके’, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल, हा शब्द ऐकला की आमच्या सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी धास्तावतात, आणि ते साहजिकच आहे. पुण्यात एमएनजीएल या गॅस कंपनीच्या नावाने खोटे मेसेज येतात: तुमचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री गॅस बंद होईल, सोबतची फाइल उघडा. फाइल उघडली की ॲप बसतं, ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती. ट्रॅफिक चलनाच्या आणि लग्नपत्रिकेच्या नावानेही हेच चालतं. कष्टाने साठवलेले लाखो रुपये असे गेलेत लोकांचे. आणि मला मात्र एक एपीके मुद्दाम फोनमध्ये घ्यायची होती.

मला हवं होतं किविक्स. इंटरनेट नसताना विकिपीडिया वाचता यावा म्हणून केलेलं हे मोफत ॲप. माझं माहेर तोरण्याच्या मागच्या अंगाला, तिथे रेंज मिळवायची तर टेकाड चढावं लागतं. भावाच्या नातवंडांना मात्र सगळं आत्ताच्या आत्ता जाणून घ्यायचं असतं. म्हणून मराठी विकिपीडियाची अख्खी फाइल मेमरी कार्डवर उतरवून ठेवली होती. प्ले स्टोअरवरचं किविक्स म्हणालं, फाइल तिथून थेट वाचता येणार नाही, आधी ॲपच्या फोल्डरमध्ये हलवा. गूगलचे स्टोरेजचे नियम तसे आहेत. फोनमध्ये तर तेवढी जागा नव्हती. किविक्सच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जे ॲप मिळतं त्याला हे बंधन नाही, पण ते एपीके म्हणूनच घ्यावं लागतं.

ते घ्यायला गेले तर फोनने बजावलं, ही फाइल धोकादायक असू शकते. पुढे दुसरी सूचना, इथून ॲप बसवायला परवानगी नाही. इथे माझं डोकं चालेना. गॅसबिलाची खोटी फाइल उघडली असती तरी फोन हेच म्हणाला असता! चांगल्याला आणि वाईटाला ताकीद एकच, मग नवख्या माणसाने ओळखायचं कसं? ओळखीत विचारलं तर एक जण म्हणाले, बाहेरचं काही घेऊच नका. दुसरे म्हणाले, काही होत नाही हो, ओके दाबा. ‘का’ ते दोघांनीही सांगितलं नाही.

शेवटी कर्वेनगरचा भाचा लॅपटॉप घेऊन आला. त्याने आधी एवढंच विचारलं, “मावशी, ही फाइल तुला कुणी पाठवली?”

कुणीच नाही. किविक्सचं संकेतस्थळ शोधून मीच तिथे गेले होते.

“मग ठीक. आपण होऊन दारात आलेली असती तर मी पुढे बघितलंच नसतं. अगदी ओळखीच्या माणसाकडून आलेली असली तरी.”

ज्याचा फोन चोरांच्या ताब्यात गेला, त्याच्याच नावाने खोटी फाइल पुढे सगळ्या ग्रुपवर जाते, हे मला तेव्हा कळलं. आमच्या ग्रुपवर चलनाची फाइल ज्यांच्या नावाने आली होती, त्यांच्यावर लोक नाही नाही ते बोलले होते. ते स्वतःच फसले होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

मग त्याने फाइल लॅपटॉपवर उतरवून तिचा ठसा काढला. शा-२५६ म्हणतात त्याला. चौसष्ट अक्षरं-आकडे, आणि फाइलमध्ये एवढासा जरी बदल झाला तरी ठसा पार वेगळा येतो. संकेतस्थळावर दिलेला ठसा तो चार-चार अक्षरांनी वाचत गेला, मी स्क्रीनवर बोट ठेवून ताडून पाहत गेले. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला.

“पण संकेतस्थळच कुणी फोडलं असेल तर?” मी विचारलं.

“मग ठसाही खोटाच दिलेला असणार. वाटेत फाइल बदलली नाही, एवढंच यावरून कळतं.”

सगळं सुरक्षित आहे असं सांगून त्याने मला गप्प केलं नाही, म्हणूनच माझा विश्वास बसला.

फाइल केबलने फोनमध्ये घेतली. पूर्वी बाहेरचं ॲप बसवायच्या परवानगीसाठी अख्ख्या फोनला मिळून एकच बटण असायचं. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ज्या ॲपमधून फाइल उघडायची त्या एकालाच देता येते. आम्ही ही परवानगी ‘फाइल मॅनेजर’ ॲपला दिली, किविक्स बसवलं आणि परवानगी लगेच काढून घेतली. हे काढून घेणं बहुतेक जण विसरतात. घातक ॲप हुडकणारी गूगलची प्ले प्रोटेक्ट तपासणी चालूच ठेवली होती. ती बंद करायला कुणी सांगितलं तर तिथेच थांबायचं, असं भाच्याने दोनदा बजावलं. किविक्सने फाइली वाचायची परवानगी मागितली, एसएमएसची नाही. वाचनाच्या ॲपला माझे मेसेज हवेत कशाला?

हे ॲप आपोआप अपडेट होत नाही, नवी आवृत्ती स्वतः जाऊन आणावी लागते. मात्र तिच्यावर आधीच्याच निर्मात्याची डिजिटल सही नसेल, तर फोन ती जुन्या ॲपवर बसू देत नाही. हे कळल्यावर मला खरा धीर आला.

आता ग्रुपवर अशी फाइल दिसली की ‘उघडू नका, पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा’ असं मी लिहिते. ज्यांच्या नावाने ती आली त्यांना साधा फोन लावते. व्हॉट्सॲपवर कळवत नाही, कारण तिथे कदाचित चोरच वाचत असतो.