रात्रपाळीची झोप आणि फोनचा आवाज

तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसाच्या घरी दिवस-रात्रीचा हिशेब निराळाच असतो. खोपोली-खालापूर पट्ट्यातील कारखान्यांमुळे आपल्याकडे अशी घरे पुष्कळ आहेत. आमचे त्यातलेच एक. आम्ही कर्जतला राहतो आणि माझे पती खोपोलीला कामाला जातात. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी आठला घरी येतात, आंघोळ करून चार घास खातात आणि नऊच्या सुमारास पडतात. नेमके त्याच वेळी बाकीचे जग कामाला लागलेले असते. दोन खोल्यांच्या घरात मी भांड्याला भांडे लागू देत नाही, मुलगी दार हळू लोटते. पण उशाशी ठेवलेल्या फोनला हे कोण सांगणार? कर्ज हवे का म्हणून विचारणारे फोन, पाळीतल्या मित्रांचे सुप्रभात, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे व्हिडिओ, सारे नऊ ते एकच्या दरम्यानच येणार. अर्धवट झोपेने माणूस चिडचिडा होतो, आणि तशाच डोळ्यांनी पुन्हा रात्री यंत्रापुढे उभा राहतो. त्याची धास्ती घरच्या बाईलाच ठाऊक.

‘फोन बंद करून झोपा,’ असा सल्ला सगळेच देतात. तो आम्हाला परवडणारा नव्हता. सासूबाई नेरळच्या बाजूला गावी एकट्या राहतात, वय सत्तरीपुढचे. मुलगी रोज लोकलने कल्याणला कॉलेजात जाते. यांचे म्हणणे एकच, “आईचे काही कमीजास्त झाले आणि माझा फोन बंद असला तर?” या एका प्रश्नासाठी ते कित्येक वर्षे कान उघडे ठेवून झोपत होते.

एका रविवारी मुलीने वडिलांना शेजारी बसवून फोनची सेटिंग उघडली. फोनचा आवाज म्हणजे एकच आवाज नव्हे, हे मला तेव्हा कळले. रिंगचा, गाण्याचा आणि गजराचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. त्यातच ‘डू नॉट डिस्टर्ब’ नावाची सोय असते. मराठीत फोन वापरणाऱ्यांना ती ‘व्यत्यय आणू नका’ अशी दिसेल. तिला वेळ नेमून देता येते. मुलीने सकाळी नऊ ते दुपारी चार अशी वेळ लावून तिला ‘रात्रपाळी’ नाव दिले. रात्री दहा ते पहाटे पाचची दुसरी वेळ दिवसपाळीसाठी लावली. आता पाळी बदलली की एक बटण बंद करायचे आणि दुसरे चालू करायचे. पुढे वेळ झाली की फोन आपोआप गप्प होतो आणि आपोआप बोलू लागतो. गजर मात्र वाजतोच.

खरी गोष्ट पुढे आहे. या शांततेतही कोणाचा फोन वाजू द्यायचा, हे आपण ठरवू शकतो. आम्ही सासूबाई, मुलगी, मी आणि कारखान्यातील सुपरवायझर अशी चार नावे ठेवली. शिवाय ‘पुन्हा कॉल करणारे’ अशी एक सोय असते. अनोळखी नंबरावरूनही पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला, तर तो वाजतो. आयफोनमध्ये ही मुदत तीन मिनिटांची आहे. खरी नड असलेला माणूस पुन्हा फोन करतो, हा त्यामागचा साधा विचार. यांचा विश्वास बसेना, म्हणून आम्ही शेजारच्या वहिनींच्या फोनवरून करून पाहिले. पहिल्यांदा फोन गप्प, दुसऱ्यांदा वाजला.

त्याच पावसाळ्यात एका दुपारी सासूबाई अंगणात घसरून पडल्या. शेजारच्या मुलाने स्वतःच्या फोनवरून कळवले. त्याचा नंबर आमच्या चार नावांत नव्हता. पहिला फोन वाजला नाही, दुसरा वाजला, आणि हे तासाभरात गावी पोहोचले.

आपल्या तालुक्यांत पावसाळ्याची रात्र कशी असते, हे वेगळे सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, कितीतरी माणसे मातीखालीच राहिली. त्याच वर्षी सरकारने मोबाईलवर आपत्तीचा इशारा पाठवण्याच्या चाचण्या घेतल्या. तो इशारा मोठा आवाज करून येतो. म्हणून फोन शांत करताना सेटिंगमधील आणीबाणीचे इशारे चालू आहेत ना, हे आधी पाहावे. झोपेसाठी सगळी दारे लावून घेतली, तरी या दाराची कडी उघडीच ठेवावी.

आता मुलांच्या कानांविषयी. लोकलच्या खडखडाटात गाणे ऐकू येत नाही, म्हणून मुले इअरफोनचा आवाज वाढवत नेतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. म्हणजे थोडा आवाज वाढला की मुदत झपाट्याने घटते. आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा, हा त्यांचा सल्ला आहे. काही फोनमध्ये ही मर्यादा एकदा लावून ठेवता येते. कारखान्यात यंत्रांपुढे आठ तास काढणाऱ्यांनी तर घरी येताना कानाला विसावाच द्यावा.

वाचक बंधू-भगिनींनो, यासाठी नवा फोन लागत नाही आणि पैसाही पडत नाही. ग्रुप आठ तास किंवा कायमचे गप्प करता येतात. जाहिरातींचे फोन नको असतील तर १९०९ वर नोंद करता येते. मुलांना यातले अधिक कळते. त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये. येत्या सुट्टीच्या दिवशी घरातला प्रत्येक फोन एकेक करून हातात घ्या आणि कोणासाठी तो वाजलाच पाहिजे, ती नावे सर्वांनी मिळून ठरवा. राबून आलेल्या माणसाची झोप राखणे हे साऱ्या घराचे काम आहे.