मुक्ताचा निबंध : साक्ष आणि युक्तिवाद

मराठी निबंधाची परंपरा सांगताना लोकहितवादींची ‘शतपत्रे’ आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ हे दोन टप्पे अटळ मानले जातात. पहिली १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रातून प्रसिद्ध होऊ लागली. दुसरी १८७४ मध्ये सुरू झाली. या दोहोंच्या मधल्या काळात, १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदया’ने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध दोन भागांत छापला. तो लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मातंग समाजातील सुमारे चौदा वर्षांची मुलगी होती. तिचे उपलब्ध लेखन एवढेच.

हा निबंध आता अज्ञात राहिलेला नाही. सूझी थारू आणि के. ललिता यांनी १९९१ मध्ये संपादित केलेल्या भारतीय लेखिकांच्या इंग्रजी संकलनात त्याचा अनुवाद आला. आद्य दलित लेखिका म्हणून मुक्ताचा गौरवही होऊ लागला. परंतु या गौरवात एक अडचण आहे. तिचा निबंध दुःखाचा पुरावा म्हणून उद्धृत होतो. निबंध म्हणून त्याचे वाचन क्वचितच होते. साक्षीदाराला सहानुभूती मिळते, विचार मांडणाऱ्याला प्रतिवाद मिळतो. मुक्ताच्या वाट्याला पहिलीच गोष्ट आली.

वस्तुतः तिची मांडणी तर्काची आहे. वेद ब्राह्मणांचेच, हे प्रतिपक्षाचे विधान ती नाकारत नाही. ते मान्य करूनच ती पुढचे पाऊल टाकते : तसे असेल तर आमच्यापाशी कोणताच धर्मग्रंथ नाही. मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे. आपण मात्र धर्मरहित ठरलो. मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न ती थेट ईश्वरालाच विचारते. प्रार्थनेचा आकार घेतलेला हा प्रश्न वस्तुतः शास्त्राधाराला दिलेले आव्हान आहे. प्रतिपक्षाचेच गृहीतक त्याच्यावर उलटवण्याची ही रीत वादविद्येत जुनीच. ती येथे वादसभेबाहेर ठेवलेल्या मुलीने वापरली आहे.

तिने दिलेले दाखलेही केवळ करुणेसाठी आलेले नाहीत. इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून माणसे पुरणे, पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या अस्पृश्याचा शिरच्छेद होणे, हे ती राज्यव्यवस्थेवरील आरोप म्हणून मांडते. उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे दुःख सांगताना ती वाचकाला स्वतःच्या अनुभवावरून विचार करायला सांगते. ग्रंथप्रामाण्याला तिने येथे अनुभवाचे प्रमाण समोर उभे केले आहे, आणि तो अनुभव स्त्रीदेहाचा आहे. अखेरीस ती आपल्या समाजबांधवांकडे वळून ज्ञान हेच त्यांच्या व्याधीवरचे औषध असल्याचे सांगते. आरोप आणि आत्मप्रबोधन या दोन्ही दिशा एकाच लेखनात सांभाळल्या गेल्या आहेत.

असे असूनही वाङ्मयेतिहासात तिला स्थान का मिळाले नाही? वगळण्याचे हे कारण केवळ विस्मरणात शोधणे पुरेसे नाही. ‘निबंधमाले’ने निबंधाची जी प्रतिमा रूढ केली, तिच्यात भाषाशुद्धी आणि पांडित्य यांना अग्रमान होता. त्याच ‘माले’त फुल्यांच्या ग्रंथांची व्याकरणावरून टवाळी झाली. ज्या मापाने गुरूचे गद्य हीन ठरले, त्या मापात शिष्येचे गद्य बसणे शक्यच नव्हते. ताराबाई शिंदे यांच्या १८८२ मधील ‘स्त्रीपुरुष तुलने’चीही कथा फार वेगळी नाही, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुस्तक संपादून पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मध्ये नऊ दशके उलटून गेली होती.

म्हणून प्रश्न मुक्ताला एखाद्या यादीत समाविष्ट करण्यापुरता उरत नाही. जुन्या वंशावळीत एक नाव वाढवले, तरी वंशावळीचा न्याय तोच राहतो. १८५५ चा हा मजकूर निबंध म्हणून स्वीकारायचा, तर मराठी निबंधाचा एक उगम पांडित्याबाहेर, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या वस्तीतही होता, हे मान्य करावे लागते. तसे मान्य केल्यावर ‘निबंध’ या संज्ञेची आजवरची व्याख्या पूर्वीसारखी राहत नाही. आणि मुक्ताच्या प्रश्नाला सहानुभूतीऐवजी उत्तर देण्याची जबाबदारी वाचकावर येते.