चिपचं आडनाव

लिनक्समध्ये वायफाय चिपचं नाव एका ओळीत मावतं. आधी कंपनीचं लघुरूप, मग स्वल्पविराम, मग चिपचा नंबर. ‘बीआरसीएम,बीसीएम४३२९-एफमॅक’ हे असंच एक नाव. बीआरसीएम म्हणजे ब्रॉडकॉम. बोर्डावर काय कुठे जोडलंय हे सांगणारी डिव्हाइस ट्री नावाची फाइल असते, तिच्यात ‘कम्पॅटिबल’ या शब्दापुढे हे नाव लिहितात. या चिपचा ड्रायव्हर ते नाव शोधतो. सापडलं, तरच इंटरप्टची तार कुठली वगैरे तिथली माहिती वाचतो.

ब्रॉडकॉमने वायफायचा हा धंदा २०१६ मध्ये सायप्रेसला विकला. २०२० मध्ये इन्फिनियनने सायप्रेसच विकत घेतली. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ वर सायप्रेसची चिप आहे, पण लिनक्समधल्या तिच्या डिव्हाइस ट्रीत नाव अजून ‘बीआरसीएम’च. आपल्याकडे नाही का, तीन पिढ्या पुण्यात काढलेला माणूसही सातारकरच असतो, तसं.

नाव बदलत नाहीत कारण ते एकट्या कर्नलचं नसतं. कर्नल अपडेट होतो, पण डिव्हाइस ट्री फॅक्टरीत भरलेलीच राहिलेली असू शकते. जुनं नाव कोडमधून काढलं, तर कुणाच्या तरी घरातला धडधाकट बोर्ड अपडेटनंतर गप्प होईल, आणि त्या माणसाला कारण कधीच कळणार नाही.

म्हणून नाव ठेवताना वाद होतात. आमच्या बोर्डावर याच घराण्यातली नवी चिप आली तेव्हा एक सहकारी म्हणाला, “सरळ ‘४३एक्सएक्स’ लिही ना, पुढच्या सगळ्या चिपा त्यात बसतील.” रिलीज तोंडावर होती, त्यामुळे मोह मलाही कळत होता. मी त्याला तीन चिपा दाखवल्या. ४३१८ चालवतो ‘बी४३’ हा ड्रायव्हर, ४३१३ ‘बीआरसीएमएसमॅक’, आणि ४३२९ ‘बीआरसीएमएफमॅक’. तिघींचा नंबर ४३ नेच सुरू होतो, ड्रायव्हर मात्र तीन. “पुढची चिप कशी वागेल हे तुला आत्ता माहितीये?” मी विचारलं. तो हसला. “बरं बाबा, लिही.”

कर्नलचे नियमही हेच सांगतात: नाव नेमकं ठेवा, ‘एक्सएक्स’ नको. नवी चिप जुनीसारखी चालत असेल तर दोन्ही नावं द्या. आधी तिचं स्वतःचं, मागे जुनं. आज ड्रायव्हर जुन्या नावावर काम भागवतो. उद्या फक्त याच चिपमध्ये काही खोट निघाली, तर तिला वेगळं ओळखायला नाव आधीच घराघरांत पोचलेलं असतं.

आम्ही दोन नावं लिहिली. पहिलं आज कोणताच कोड वाचत नाही. ते ज्याला लागेल तो इंजिनिअर कदाचित अजून कॉलेजात असेल.